केस जिंकल्याचे पेढे

कोहक्यात आमच्या बाजूच्या घरी एक वकील राहते. एका कंपनीनं काढलेली गोळी दुसऱ्यानं बनवू नये म्हणून तो कोर्टात भांडते, हे त्यानंच मले समजावलं. प्रत्येक बोलण्याच्या आधी "ऐसा है काकू". कोणाच्याही घरी गेला का पहिले औषधाचं पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचते, मग तब्येत विचारते.

दिवाळीच्या आधी मोठी केस जिंकला, तर गल्लीभर पेढे वाटले. आमच्या ह्यांले रक्ताचा कॅन्सर, तोंडाले चव नाही, तरी मी अर्धा पेढा भरवला.

परवा आला अन् सवयीनं ह्यांच्या उशाचं पाकीट उलटलं. वाचता वाचता थांबलाच.

मी म्हटलं, "बाबू, पुढच्या महिन्याच्या गोळ्या आमाले झेपत नाहीत. डॉक्टर म्हणे, याची सस्ती गोळी येऊन राहिली होती. कावून नाही आली रे?"

"ऐसा है काकू..." म्हणाला, अन् पाकीट सुलटं करून परत उशाशी ठेवलं. ती सस्ती गोळी थांबवायचीच केस तो जिंकला होता.

हे पडल्या पडल्या म्हणाले, "पेढा मात्र चांगला होता, बाबू."

आता तो फाटकाबाहेरूनच पहिले तब्येत विचारते. आत येत नाही.