माघारीचा रकाना

निमोण्यात आमची पिठाची गिरणी. मूलबाळ नाही, नवरा-बायको दोघंच. छिन्नीनं ठोकून गिरणीच्या दगडाला टाकी मी लावायचो, दळण आमची मंडळी दळायची. तीस वर्षं तिनं नाकातोंडानं पीठ खाल्लं. लोक मात्र आप्पाची गिरणी म्हणायचे, आन् मलाही ते गोड वाटायचं.

माझी पन्नाशी जवळ आली तवा शिरूरहून पेन्शन योजनेची एक एजंट पोरगी यायची. म्हणाली, "आप्पा, धंदा दोघांचा हाय ना? मग खाती दोन काढा. दोघांच्या नावानं जेवढं भरता येईल तेवढं भरा. म्हातारपणी पगार कोण देणार तुम्हाला?"

"एका चुलीला दोन खाती? आम्हाला काय वेगळं निघायचंय व्हय?"

सगळं माझ्याच नावावर भरलं. एका वर्षी गिरणीची मोटार जळाली, तरी भरायचं थांबलो नाही. चौथी शिकलेला माणूस पेन्शन घेणार, ह्याची फार ऐट होती मला.

साठीला तीच पोरगी फॉर्म घेऊन आली. त्यात दोन रकाने. एकात पेन्शन मोठी, पण माझ्याबरोबर संपणारी. दुसऱ्यात जरा कमी, पण माझ्या माघारी मंडळीला मरेपर्यंत मिळणारी. पोरगी म्हणाली, "दुसरा घ्या आप्पा. मावशी, तुम्ही इथं सही करा."

मंडळी पदराला हात पुसत आली आन् ऐकून मागंच सरली. "मी सवाष्ण जाणार. असल्या कागदाला हात न्हाई लावायची."

"अवो मावशी, नुसता कागद हाय."

"मग तुझ्या नवऱ्याच्या नावानं कर की!"

मला हसू आलं. छाती फुगली म्हणा ना. शिवाय तिचा खोकला तेव्हा फार वाढलेला. तीच आधी जाईल, असं मनात येऊन गेलं. हे कधी कुणाला बोललो नाही. मोठ्या आकड्यावर खूण केली.

आता माझ्या किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा दौंडला मशिनीवर झोपायला जातो. हातून टाकी लागत नाही, पीठ जाडं पडतं, गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीला जातं. तिचा खोकला तसाच आहे, आन् ती आहे.

मागल्या महिन्यात दौंडहून येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अवो, तो कागद... आता करू का सही?"

तिनं एवढं म्हणणं म्हंजी माझं मरण कबूल करणं. 

दुसऱ्या दिवशी दोघं शिरूरच्या ऑफिसात गेलो. साहेबानं कॉम्प्युटर बघून मान हलवली. "आजोबा, पेन्शन चालू झाली की रकाना बदलत नाही." मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. साहेबानं पाण्याचा ग्लास पुढं केला. तेही मला मोजूनच प्यायचं असतं.

तवापासून ती माझी एक गोळी चुकू देत नाही. मीठ तोडलं, पाण्यावर नजर ठेवते. परवा माझ्या तोंडून निघूनच गेलं, "हे माझ्यासाठी करतीस का पेन्शनीसाठी?"

तिनं पाकिटातून रात्रीची गोळी काढली.

"दोन्हीसाठी," म्हणाली. "तुमच्या माघारी काय खाऊ मी?"

मी हात पुढं केला. तिनं त्यावर गोळी ठेवली.