पहिल्या धारेची
मुलीने नेलपॉलिश काढायची बाटली उघडली, की त्या वासासरशी मी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या आमच्या किचनमध्ये जाऊन पोचतो. तेव्हा आम्ही एमएस करत होतो आणि माझ्या नागपूरच्या रूममेटला घरीच दारू गाळायची हुक्की आली होती. आईने दिलेल्या कुकरची शिट्टी काढून त्याने तिथे तांब्याची नळी बसवली, ती बर्फाच्या बादलीतून फिरवली आणि कुकरमध्ये आंबवलेल्या सफरचंदांचा लगदा भरला. इंटरनेटवरून काढलेल्या प्रिंटआउटमध्ये ‘सुरुवातीची फेकून द्या’ असं ठळक अक्षरांत होतं. मी ते वाचूनही दाखवलं. तो हसला. "अबे, पहिल्या धारेचीच तर खरी असते! या गोऱ्यांना काय कळते?" थेंब पडू लागले आणि किचनभर हाच वास पसरला. मला तो सोसेना, म्हणून पहिला ग्लास त्याने एकट्यानेच संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीशी उभा होता. "काय धुकं पडलंय यार, समोरची बिल्डिंगपण दिसत नाही." मी बाहेर पाहिलं. लख्ख ऊन होतं, समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या टॉवेलवरचे पट्टेसुद्धा मोजता येत होते. तो माझ्याकडे वळला आणि माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघून हसला. हॉस्पिटलला नेताना तो रस्ताभर मला बजावत होता, "हळू ड्राइव्ह कर, हेडलाइट लाव." मी लावले. अजूनही कधी सकाळी खरंच धुकं पडलं, की मी मुलीला खिडकीशी बोलावून विचारतो, "तुलाही दिसतंय ना?"