घरीच धुतलेले फोटो

भिवंडीच्या नारपोलीतल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं पार्लर. दारावर हिरवा पडदा आणि वर पाटी, ‘फक्त महिलांसाठी’. खोलीची डावी भिंत आमची आणि शेजारच्या लूमच्या कारखान्याची मिळून एकच होती. मागांच्या धडधडीने दिवसभर बशीत कप वाजायचे आणि आरशातली बाई हलकेच थरथरायची. नवीन गिऱ्हाईक भुवया करायला बसलं की हमखास विचारायचं, दोरा चुकणार तर नाही ना? जुन्या बायकांना त्याचं काही वाटत नसे. त्या आवाजावर आवाज चढवून आपापल्या सासवांची उणीदुणी काढत बसायच्या.

कॅमेरा माझ्याकडे आला तो भावामुळे. तो लग्नाचे फोटो काढायचा. व्हिडिओ कॅमेरा घेतल्यावर त्याने जुना रोलचा कॅमेरा माझ्या हवाली केला. तू मेकअप केलेल्या नवरीमुलींचे फोटो काढ, अल्बम लाव, गिऱ्हाईक वाढेल, असा त्याचा हिशेब. मी अल्बम लावला. त्यातल्या सगळ्या नवऱ्या एकमेकींच्या मावसबहिणी दिसत, कारण सगळ्यांच्या तोंडाला फाउंडेशन एकाच डबीतलं. मला स्वतःलाच तो अल्बम बघवत नसे.

मग एकदा रोल नीट बसला की नाही हे बघायला मी एक फोटो वाया घालवला. समोर एक नवरी बसली होती. तोंड नुकतं धुतलेलं, केस वर गुंडाळलेले, मेकअपला अजून हात लावलेला नव्हता. ती दाराकडे बघत होती आणि उद्याचं काहीतरी तिच्या मनात चाललं होतं. प्रिंट आल्यावर भावाने तो फोटो टाकाऊ म्हणून बाजूला काढला. मी तो उचलून घेतला आणि स्वयंपाक करताना ओट्यावर टेकवून ठेवला. वर्षभर मी ज्या चेहऱ्यांवर पावडरी थापत होते, त्यांच्याखाली हे होतं, आणि मी रोज ते झाकत होते. तेव्हापासून मला चेहऱ्यांची चटक लागली.

चटक लागली तरी फोटो येईनात. सगळे हललेले. भाऊ म्हणायचा, फ्लॅश मार. पण फ्लॅश मारला की चेहरा भाकरीसारखा सपाट व्हायचा. दारातून येणाऱ्या उजेडात काढायचं तर शटर हळू ठेवावं लागे आणि शटर हळू ठेवलं की फोटो हलणार. मी श्वास रोखून बघितला, कॅमेरा स्टुलावर ठेवून बघितला. शेवटी सासूबाईंनी निदान केलं. त्या अंबाडी गावाकडच्या, आतल्या खोलीत सुकट निवडत बसायच्या आणि मध्ये नुसता पडदा असल्याने त्यांच्या कानातून काही सुटत नसे. म्हणाल्या, “तुझा हात न्हाय गो हलत, घर हलतंय.”

घर थांबवणं माझ्या हातात नव्हतं, पण वीजवाल्यांच्या होतं. त्या काळात भिवंडीत लोडशेडिंगचा कहर होता. दुपारी दिवे गेले की कारखान्यातले लूम एकामागोमाग बंद पडत आणि जमीन स्थिर होई. ड्रायर बंद, पंखा बंद, बायका कंटाळून बसलेल्या. तेवढ्यात मी कॅमेरा काढायची. कारखान्यातून आणलेला कोऱ्या कापडाचा तुकडा दाराच्या समोरच्या बाजूला बांधला की गालाच्या अंधारात थोडा उजेड परत यायचा. कोणाला कुठे बसवलं की डोळ्यांखाली सावली पडत नाही, हनुवटी किती खाली घेतली की मान मोकळी दिसते, हे मी असं शिकले. अख्खी भिवंडी लोडशेडिंगला शिव्या घालत होती आणि मी घड्याळाकडे डोळे लावून बसलेली असायची.

रोल मात्र कल्याणच्या कलर लॅबमध्ये धुवायला जायचे. ते भाऊच टाकायचा आणि भाऊच आणायचा. यात लपवण्यासारखं काही आहे असं मला तोवर वाटलं नव्हतं.

एक बाई भुवया करायला नेमाने यायची. पलीकडच्या गल्लीत राहायची. बुरखा दाराशी खुंटीवर अडकवून खुर्चीत बसायची आणि कमी बोलायची. नवरा सौदीला गाडी चालवत होता आणि बरीच वर्षं आला नव्हता. तिची एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर होती. दोरा फिरवताना मी दर वेळी ती सारखी करायचं ठरवायची आणि दर वेळी सोडून द्यायची. त्या भुवईमुळे ती कायम काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारखी दिसायची. सांगायला हरकत नाही, मला तो चेहरा हवा होता. एखाद्याच्या दारातलं झाड आवडावं आणि येताजाता नजर तिथेच जावी, तसं झालं होतं.

एके दिवशी तिनेच विषय काढला. नवऱ्याला पाठवायला एक फोटो हवा होता. स्टुडिओत सगळे पुरुष, तिथे ती बसणार नव्हती. माझ्याकडे बसेल, पण एक गोष्ट तिला विचारायची होती.

“इसको धोता कौन है?”

“मैं ही धोती हूँ. घर में,” मी म्हणाले.

विचार करायला वेळच घेतला नाही. खरं सांगितलं असतं तर ती उठून गेली असती, चेहरा घेऊन. तेवढंच माझ्या डोक्यात होतं. तिने मान हलवली, डोक्यावरची ओढणी काढली आणि दाराशेजारच्या स्टुलावर बसली.

दिवे जायची वेळ झाली होती, पण अजून गेले नव्हते. लूम धडधडत होते आणि आम्ही दोघी सवयीने मोठ्यांदा बोलत होतो. मी कॅमेरा डोळ्याला लावून थांबले होते. फोटो कशाला पाठवतेस, फोन तर येतो ना त्यांचा, असं मी काहीतरी विचारलं. ती ओरडून सांगायला लागली आणि नेमके त्याच क्षणी दिवे गेले. लूम बसले. तिचं वाक्य सगळ्या शांततेत एकटंच उरलं.

“अब मुझे उनकी शकल याद नहीं आती.”

स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली. आतल्या खोलीपर्यंत, कदाचित गल्लीपर्यंत गेला असेल. तिने माझ्याकडे बघितलं. लाज होती, थोडं हसू होतं आणि खाली दुसरंच काहीतरी होतं. मी बटण दाबलं. जमीन गप्प होती आणि माझे हातही.

ती गेल्यावर सासूबाई पडद्यातून डोकावल्या. “घरात कवा धुतेस गो तू फोटो? मना कसा न्हाय दिसला?” मी म्हणाले, अहो, गिऱ्हाइकाला बोलावं लागतं असं. त्या म्हणाल्या, “गिऱ्हाइकाला बोल. त्या बाईला नको बोलू.” आणि परत सुकटीकडे वळल्या. मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

तो रोल मी भावाकडे दिला नाही, स्वतः कल्याणला जाऊन टाकला. प्रिंट आणायला गेले तेव्हा लॅबमध्ये गर्दी होती. भिवंडी-कल्याणचे लग्नाचे फोटोग्राफर काउंटरला रेलून उभे. काउंटरच्या मागच्या भिंतीवर लॅबवाले चांगल्या फोटोंचे मोठे प्रिंट लावायचे. डोंगर, मोर, सिनेमातल्यासारखी हसणारी नवरा-नवरी. त्यांच्या मधोमध ती होती. बारा बाय अठराचा प्रिंट. एक भुवई वर, ओढणी खांद्यावर. दोन फोटोग्राफर तिच्याकडे बघत उजेडाबद्दल बोलत होते.

इथे मला धक्का बसला, पायाखालची जमीन सरकली वगैरे म्हणता आलं असतं. तसं झालं नाही. मला आनंद झाला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. लॅबवाला भला माणूस होता. म्हणाला, मॅडम, न विचारता लावला, पण राहवलं नाही. खाली तुमचं नाव टाकू का? मी नाव सांगितलं. स्पेलिंगसकट सांगितलं.

परत येताना दुर्गाडीचा पूल ओलांडला आणि कोनगावच्या आसपास तिचा प्रश्न आठवला. आत्ता रिक्षा वळवावी, जाऊन तो उतरवावा, असं मनात आलं. मग वाटलं, राहू दे थोडे दिवस. कल्याणला तिला कोण ओळखतं? पुढचा रोल टाकायला जाईन तेव्हा उतरवीन. पुढचा रोल भरायला मी मुद्दाम वेळ लावला, हेही खरं आहे. शेवटी गेले आणि प्रिंट मागून घेतला. खाली माझं नाव छापलेलं होतं. घरी आणून साडीत गुंडाळला आणि कपाटाच्या मागे सरकवला. फाडायला हात धजेना आणि द्यायला तोंड नव्हतं.

तिला मी लहान प्रिंट दिला आणि निगेटिव्हही दिली. निगेटिव्ह तिने मागितली होती. तिने ती ओढणीच्या टोकात बांधली आणि आता निश्चिंत झाले असं म्हणाली. काही दिवसांनी शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. नवऱ्याचा फोन आला होता, फोटो मिळाला म्हणे. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी डबा घेतला. सासूबाईंनी खाल्ला. मी नुसता डबा घासून परत केला.

पुढे तिच्यामुळे बायका यायला लागल्या. हजच्या पासपोर्टला, सोयरिकीला, आखातातल्या नवऱ्यांना पाठवायला. तिने सगळ्यांना सांगितलेलं असायचं, वो खुद घर में धोती हैं. मी नाही म्हणायची नाही. माझा हात बसला तो या बायकांच्या चेहऱ्यांवर. म्हातारीच्या सुरकुत्यांना बाजूचा उजेड कसा द्यायचा, लाजणाऱ्या मुलीला कधी बोलतं करायचं आणि कधी नाही, सगळं त्यांनी शिकवलं. आणि रोल जायचे कल्याणला. मोठा प्रिंट करायचा नाही, भिंतीवर लावायचा नाही, असं मी लॅबवाल्याला बजावून ठेवलं होतं आणि तेवढ्यावर स्वतःचं समाधान करून घ्यायची. एकदा खोटं खरं करायचं म्हणून मोरीत काळे-पांढरे फोटो धुऊन बघितले. पाणी एक दिवसाआड यायचं आणि बायकांना रंगीत हवे असत. तोही नाद सोडला.

मग डिजिटल कॅमेरा आला, घरात छोटा प्रिंटर आला. माझ्या नवऱ्याला दापोड्याच्या गोदामात बढती मिळाली होती, त्यातून घेतला. आता फोटो खरंच घराबाहेर जात नव्हते. माझं खोटं आपोआप खरं झालं होतं आणि फरक माहीत असलेली दोनच माणसं होती, मी आणि पडद्यामागची.

त्याच सुमारास ती बाई लेकीला घेऊन आली. मुलगी सोळा-सतरा वर्षांची, भुवई आईसारखीच. मुलीचा फोटो हवा होता. मुलगी ओढणी धरून बसली, सोडेना. तिने लेकीच्या हातावर हात ठेवला.

“बेटा, इनके सामने बेफिक्र बैठ. यहाँ से तस्वीर बाहर नहीं जाती.”

पडद्यामागे सासूबाई खोकल्या. खोकला झालेला नव्हता त्यांना. मी कॅमेरा खाली ठेवला, कपाटामागून साडीतली गुंडाळी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

तिने उघडून बघितलं. बराच वेळ बघितलं. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीचे पिवळे डाग होते. तिने त्यांवरून बोट फिरवलं, खालच्या नावावरूनही फिरवलं.

“ये कहाँ लगी थी?”

“कल्याण में. लॅब में.”

“मर्द आते हैं वहाँ?”

“हाँ.”

“आपने उसी दिन उतरवाई क्यों नहीं?”

लॅबवाल्याने न विचारता लावला होता, मला उशिरा कळलं, असं सांगता आलं असतं. अर्धं खरंही होतं.

“अच्छी आई थी,” मी म्हणाले.

तिने पुन्हा एकदा फोटोकडे बघितलं. “हाँ. अच्छी तो है.” मग तो गुंडाळला, बुरख्याच्या आत घेतला, लेकीची ओढणी नीट केली आणि दोघी गेल्या. पडदा थोडा वेळ हलत राहिला. सासूबाई बाहेर आल्या. मला पाणी दिलं.

आता गल्ली माझ्या तोंडावर थुंकणार, पार्लर बंद पडणार, असं मी धरून चालले. चोराच्या मनात चांदणं. दोन बायका दाराशी कुजबुजल्या की माझ्या हातातला दोरा तुटायचा. पण कोणीच यायचं थांबलं नाही. कोणी काही विचारलं नाही. तिने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मी तिचा चेहरा भिंतीवर टांगला आणि तिने माझी गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. ती स्वतः मात्र पुन्हा आली नाही. भुवया कुठे करते, करते की नाही, देव जाणे.

काही महिन्यांनी एक नवीन लग्न झालेली मुलगी आली. त्या बाईच्या नात्यातली होती. नवरा दुबईला. मी विचारलं, माझ्याकडे कोणी पाठवलं? तिने सांगितलं. मग म्हणाली, “बोलीं, अब उनके घर में ही छपती है. आराम से बैठना.”

त्यातला ‘अब’ मी ऐकला. मुलीला त्यात काही जाणवलं नाही. तिने ओढणी काढली आणि दाराशेजारच्या स्टुलावर बसली. दिवे गेले. लूम एकामागोमाग बंद पडले, बशीतले कप गप्प झाले, आरसा स्थिर झाला. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मी बटण दाबलं.

तो फोटो हललेला आला.