अळूच्या वाफ्यातलं अर्थिंग

आमच्या घरामागं चाळीस फुटी टॉवर उभा राहिला, तेव्हा सांगवीतल्या निम्म्या लोकांना वाटलं की आता मोबाईलला फुल रेंज येणार. दोन-तीन दिवस माणसं फोन हातात धरून आमच्या बांधावरून फिरत होती. हा हौशी रेडिओचा टॉवर आहे, मी परीक्षा देऊन परवाना काढलाय, वर अँटेना बसवून मी देशोदेशीच्या हौशी लोकांशी बोलणार आहे, असं मी पन्नास वेळा समजावून सांगितलं. शेवटी एकानं विचारलं, बोलायचं कशाबद्दल? मी म्हटलं, हवामान, अँटेना, कोण कुठून बोलतंय ते. तो म्हणाला, एवढं तर पारावर बसून बी होतंय. मी चिडलो. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि विज्ञानाच्या मास्तराला चिडायला फार कारण लागत नाही.

पण गावाचं काय एवढं नाही, खरी अडचण घरातच होती. माझी आई पंचाहत्तरीची आहे. टॉवर उभा राहिला त्याच संध्याकाळी तिनं आपली कापडी पिशवी काढली, तीत दोन लुगडी आणि औषधाची डबी घातली आणि ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

"वळवाचं आभाळ आलं की मी इंदापूरला लेकीकडं जाणार," ती म्हणाली. "तू विजंला घरी जेवायला बोलावतुयास. मला न्हाय बसायचं त्या पंगतीला."

आता हे हसण्यावारी नेता येण्यासारखं नव्हतं. आईचं माहेर सुप्याकडचं, कोरडवाहू. तिचा धाकटा भाऊ शेरडं राखायला गेलेला असताना वळीव आला, तो बाभळीखाली उभा राहिला आणि वीज पडून गेला. तेव्हापासून आभाळ गडगडलं की आई घरातली सगळी बटणं बंद करते, आम्हाला आत ओढते आणि दाराकडं पाठ करून बसते. मी पन्नाशीचा झालो तरी मला ओढते. लग्नकार्य सोडलं तर ती या घराबाहेर कधी झोपलेली नाही, आणि आता माझ्या हौसेपायी तिनं पिशवी भरावी याचं मला फार वाईट वाटलं. टॉवर मात्र मला सोडवत नव्हता, हेही खरंच. बायको म्हणाली, आधी त्यांच्या मनातली भीती काढा, मग काय ते तार लावून बोलत बसा.

म्हणून मी ठरवलं की अर्थिंग असं करायचं की आईनं स्वतः पिशवी खाली काढली पाहिजे. टॉवरवर वीज आलीच तर तिला जमिनीत जायला चांगली वाट हवी. त्यासाठी तांब्याचा मुलामा दिलेले आठ-आठ फुटी तीन रॉड जमिनीत ठोकायचे आणि तांब्याच्या पट्टीनं टॉवरच्या पायांना जोडायचे. मी पुस्तकं वाचली, वहीत आकृत्या काढल्या आणि विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या आमच्या मिस्त्रीला बोलावलं. जानेवारी महिना होता. टॉवरच्या पलीकडं आमचाच ऊस उभा होता, नुकतंच पाणी दिलेलं. मी त्या उसाच्या कडेची जागा नक्की केली. जमीन भरपूर ओली, म्हणजे अर्थिंग झकास.

आई धुणं वाळत घालता घालता बघत होती. ती म्हणाली, तितं नको, मोरीमागं अळूच्या वाफ्यात रोव. मोरीचं पाणी घरामागं जातं, तिथं आमचं अळू आणि दोन केळी आहेत. मी हसलो. मी तिला ओलावा, क्षार आणि विद्युतरोध यांच्यावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. शाळेतली पोरं निदान जांभया तरी देतात, आईनं लुगडं झटकलं आणि ती आत गेली.

काळ्या मातीत रॉड घालायचं काम मोठं मजेचं असतं. छोटा खड्डा करायचा, त्यात तांब्याभर पाणी ओतायचं, रॉड दोन्ही हातांनी खाली दाबायचा, वर उचलायचा, परत पाणी, परत दाबायचा. रॉड पचक पचक करत आपल्या पायानं चालल्यासारखा खाली जातो. पाच फुटांपर्यंत आम्हाला घाम आला नाही. मग मुरूम लागला आणि मजा संपली. रॉडचं डोकं फुटू नये म्हणून मिस्त्रीनं त्याच्यावर टोपण लावलेला पाईपचा तुकडा बसवला आणि आम्ही आळीपाळीनं घण मारले. तिसरा रॉड पुरा होईपर्यंत माझ्या तळहाताला फोड आले होते, आणि मी ते बायकोला तीनदा दाखवले.

मिस्त्रीनं अर्थिंग मोजायचा मीटर लावला. साडेतीन ओहम आलं. माझी छाती फुगली. मी आईला हाताला धरून तिथं नेलं, काटा दाखवला, आकडा जेवढा कमी तेवढी वीज लवकर जमिनीत जाते हे सांगितलं. तिनं काट्याकडं बघितलं नाही. ती खाली मातीकडं बघत होती.

"आज वली हाय म्हणून," ती म्हणाली.

पिशवी खुंटीलाच राहिली.

फेब्रुवारीत ऊसतोडीची टोळी आली आणि ऊस कारखान्याला गेला. बुडख्यांवर परत फुटणारा खोडवा ठेवायचा नव्हता, म्हणून रान तसंच तापायला सोडलं. मी अँटेना चढवली, रोज संध्याकाळी बोलायला लागलो, आणि अर्थिंगचा विषय माझ्या डोक्यातून गेला. एप्रिलच्या मध्यावर मिस्त्री दुसऱ्या कामाला आला होता. मीच फुशारकीनं त्याला म्हटलं, जाता जाता आपला साडेतीनचा आकडा बघून जा. त्यानं मीटर लावला, काढला, परत लावला. मग तोंड बारीक करून म्हणाला, "सर, त्रेपन्न."

मी मीटरला शिव्या दिल्या. मिस्त्रीलाही एक-दोन दिल्या, त्याबद्दल नंतर त्याची माफी मागितली. मग आम्ही रॉडपाशी उकिडवे बसलो, आणि बघतो तर काय, रॉडच्या चारी बाजूंनी भेग पडलेली. काळी माती सुकून मागं सरकलेली आणि रॉड मधे एकटा उभा. माझा पंजा त्या भेगेत मनगटापर्यंत गेला. आमच्या गावचं हे असं आहे. कालव्याचं पाणी, विहिरीचं पाणी, वर्षभर ऊस उभा. पाण्याखालच्या रानात जन्मलेल्या माणसाला जमीन सुकते हे लक्षातच राहत नाही. मी पुस्तकातनं ओलाव्याचं कोष्टक तोंडपाठ केलं होतं, पण ऊस तुटल्यावर पाणी बंद होणार एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सुप्याकडच्या बाईला ते एका नजरेत दिसलं होतं. तिचं लहानपण घागरभर पाणी कुठं ओतायचं याचा विचार करण्यात गेलेलं. घरातलं पाणी बारा महिने कुठं मुरतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मला इतकी लाज वाटली की दुपारचं जेवण गेलं नाही. शेवटी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "आई, माझं चुकलं. तुझ्या अळूत रोवू का?"

मला वाटलं आता ती मला चांगली हाणणार. तसं काही झालं नाही. तिनं खुरपं घेतलं आणि ती माझ्यापुढं चालायला लागली.

वाफ्यातले अळूचे गड्डे तिनं स्वतः काढले आणि ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले. नवे रॉड कुठं यायचे ते तिनं पायाच्या अंगठ्यानं दाखवलं, तिन्ही ठिकाणी. मिस्त्रीनं पुस्तकातलं अंतर मोजून बघितलं, ते बरोबर निघालं, तेव्हा तो मोठ्यानं हसला आणि मी दुसरीकडं बघितलं. एप्रिलच्या उन्हातसुद्धा तिथली माती हाताला गार लागत होती. टॉवरपासून वाफ्यापर्यंत चर खणून पट्टी पुरली, जुने रॉडही तसेच जोडलेले ठेवले. माती लोटून झाल्यावर आईनं अळू परत लावलं, रॉडच्या भोवतीनं. मीटर लावला तर अडीचच्या आसपास आलं. यावेळी मी तिला काटा दाखवायला बोलावलं नाही. तीच आली, पदरानं हात पुसत उभी राहिली आणि वैशाखात परत मोज म्हणाली. मे महिन्यात मोजलं. आकडा जागचा हलला नव्हता.

तरी पिशवी खुंटीला होतीच, आणि येता-जाता माझी नजर तिच्याकडं जायची.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी पश्चिमेला आभाळ काळं झालं. मी पळत जाऊन अँटेनाची तार रेडिओपासून काढून बाहेर टाकली, कारण कितीही चांगलं अर्थिंग असलं तरी ते करावंच लागतं. मग आत येऊन गाडीची किल्ली घेतली. आई इंदापूरला निघाली तर सोडायला मलाच जावं लागणार होतं. आईनं घरातली बटणं बंद केली. मला दंडाला धरून आत ओढलं. आणि दाराकडं पाठ करून बसायच्या ऐवजी ती मागच्या दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, टॉवरकडं तोंड करून बसली.

एकदा गडगडलं. मग जवळ गडगडलं. तिनं माझा दंड सोडला नाही, तिची बोटं रुतत होती. मी किल्ली पुढं केली आणि विचारलं, निघायचं का? तिनं नकाराची मान हलवली. चार टपोरे थेंब पडले आणि आभाळ आम्हाला सोडून पूर्वेला, इंदापूरच्या अंगाला सरकलं. थोड्या वेळानं इंदापूरहून बहिणीचा फोन आला, तिकडं विजा नुसत्या थयथयाट करतायत, बरं झालं आई आली नाही. मी आईला सांगितलं आणि मला हसू आवरेना. आई हसली नाही. ती अळूकडं बघत होती.

"माझ्या भावाच्या टायमाला," ती म्हणाली, "त्या बाभळीपाशी आसं कुणी रोवलं न्हवतं रं."

मी विज्ञानाचा मास्तर आहे. बाभळीपाशी रॉड असता तरी झाडाखालचं पोर वाचलं असतंच असं नाही, हे मला माहीत आहे. तरी मला रडू आलं आणि मी तिच्या शेजारी बसून राहिलो.

आभाळ मोकळं झाल्यावर तिनं खुंटीवरची पिशवी काढली, लुगडी पेटीत ठेवली, औषधाची डबी फळीवर ठेवली. मग रिकामी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली की वाफ्यातली मोठी मोठी पानं काढून आण, मिस्त्रीच्या घरी वड्या पाठवायच्या हायत.