टेकडीवरच्या वाघाची पाहणी

रेंजर साहेबांची जीप नाल्यात अर्ध्या चाकापर्यंत रुतली होती. साहेब बॉनेटवर उकिडवे बसून पलीकडच्या काठावरच्या सरपंचबाईंना विचारत होते, "बाई, वर वाघ आहे की नाही, तेवढंच सांगा. मी इथूनच लिहून घेतो."

सरपंच वनिताबाई गजभिये यांनी पदर सारखा केला. टेकडीकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, मग चिखलात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, कधी असते, कधी नसते."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. मी मात्र तेव्हापासून जो गोंधळलो, तो वर्षभर गोंधळलेलाच राहिलो.

मी पवनचक्क्या उभारणाऱ्या एका कंपनीत लायझन ऑफिसर आहे. म्हणजे इंजिनियर वारा मोजतात आणि मी परवानग्या गोळा करतो. वारा मोजणं सोपं. तो निदान कोणत्या दिशेने येतो ते सांगतो.

ही टेकडी छिंदवाडा जिल्ह्यात, रामाकोन्याच्या पुढे आहे. गावाचं नाव सांगत नाही, तिथे मला अजून जेवायला बोलावतात. वर वारा असा, की माझ्या चहातली साखर उडून मोहगावच्या चहात पडायची. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण मोहगावचा चहा पिऊन पाहा, मग बोला. आम्ही वर मास्ट लावला होता. मास्ट म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणारा उंच लोखंडी खांब. त्याचे आकडे पाहून पुण्याचे आमचे साहेब इतके खूश झाले की त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा 'वेल डन' म्हटलं.

गावालाही पवनचक्क्या हव्या होत्या. विजेसाठी नाही, वीज दुसरीकडेच जाणार होती. पवनचक्कीचं एक पातं रामाकोन्याच्या अख्ख्या बाजाराएवढं लांब. ते टेकडीवर न्यायचं तर रस्ता लागणार आणि नाल्यावर रपटा लागणार. रपटा म्हणजे बुटका पूल. पूर वरून गेला तरी तो जागेवर राहतो, पाणी उतरलं की पुन्हा वाहतूक सुरू. वनिताबाईंची वस्ती नाल्यापलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी. कापूस वेचणारी, संत्र्याच्या बागेत राबणारी माणसं. पावसाळ्यात नाला भरला की वस्ती जगापासून तुटायची. आदल्या पावसाळ्यात बाईंच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला खाटेवर बांधून छातीभर पाण्यातून काढलं. बाळ-बाळंतीण वाचली. पण लेकीचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरीच येणार होती.

बाई मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "भाऊ, तुमचा पंखा फिरो नाही तर गंजो. मले माही लेक खाटेवर नाही न्यायची."

सगळं जुळलं होतं. आणि मग बातमी आली, की ही टेकडी प्रस्तावित राष्ट्रीय उद्यानात जाते.

आता 'प्रस्तावित' म्हणजे काय ते समजावून सांगतो, मला समजलं असतं तर. लग्नाचं उदाहरण घ्या. एक, घरात नुसती चर्चा की पोरगी बरी आहे. दोन, साखरपुडा, म्हणजे सरकार जाहीर करतं की आमचा उद्यान करायचा इरादा आहे, कोणाचे हक्क असतील ते सांगा. तीन, लग्न, म्हणजे अंतिम घोषणा. लग्न झालं की आत खिळा ठोकायचा तरी वरपर्यंत जावं लागतं. साखरपुडा झाला की नवीन हक्क मिळत नाहीत. नुसती चर्चा असेल तर कायद्याने काहीच अडत नाही, आणि म्हणूनच कोणी सही करत नाही.

आमची टेकडी कोणत्या पायरीवर होती? पटवारी म्हणाले, जमीन महसुलाची, पण वनविभागाला विचारा. वनविभाग म्हणाला, उद्यान अजून नाही, म्हणून नाही म्हणता येत नाही, पण होणार आहे, म्हणून हो म्हणता येत नाही. छिंदवाड्याला एकाने नकाशा काढला. हद्दीची रेघ त्याने अशा जाड मार्करने मारली होती की आमची टेकडी पूर्ण रेघेखाली.

"साहेब, ही आत की बाहेर?" मी विचारलं.

"रेघेत आहे," तो म्हणाला.

शेवटी ठरलं, की रेंजरने प्रत्यक्ष पाहणी करावी. वाघाचा वावर असेल तर टेकडी आत, नसेल तर आमच्या अर्जावर विचार. कारण वाघाचा बोभाटा छिंदवाड्यापर्यंत पोचला होता.

हा वाघ आला कुठून? त्याचे जन्मदाते वस्तीतले गुलाबकाका. टेकडीवर चारोळीची झाडं आहेत. शेजारच्या गावचे लोक कच्चीच चारोळी ओरबाडून न्यायचे. म्हणून गुलाबकाकांनी चहाच्या टपरीवर एक वाघ सोडला. सुरुवातीला तो कुत्र्याएवढा होता. दरवर्षी वाढत वाढत मी आलो तेव्हा त्याची शेपटी एका बांधावर आणि मिशा दुसऱ्या बांधावर होत्या. तो फक्त शेजारच्या गावच्या माणसांवर गुरगुरायचा.

त्यामुळे नाल्यावरचं बाईंचं उत्तर मला त्या दिवशी असं समजलं: शेजारच्या गावची माणसं जीप पाहायला काठावर जमली होती. वाघ नाही म्हटलं तर चारोळी गेली, आहे म्हटलं तर रस्ता गेला. बिचारी अडकली.

रेंजर साहेब जीप ढकलून निघताना मला म्हणाले, "इथे गाडी नीट येईल तेव्हाच पुढची पाहणी."

मी पुण्याला फोन लावला.

"वाघ आहे का?" साहेब.

"कधी असतो, कधी नसतो."

"म्हणजे काय? मीटिंगमध्ये काय सांगू?"

"सर, आधी नाल्यात पाइप टाकावे लागतील. त्याशिवाय वाघ कळणार नाही."

त्यांना काही कळलं नाही, म्हणून त्यांनी मंजुरी दिली. सिमेंटचे पाइप आले, वर काँक्रीट पडलं.

दिवाळीनंतर दुसरी पाहणी. जीप कोरडी पार झाली आणि पलीकडे वस्तीच्या चढावर पुन्हा अडकली. आम्ही चालत वर गेलो. शेजारचं गाव मागोमाग होतंच. गुलाबकाकांनी मातीत एक ठसा दाखवला.

"काका, हा कुत्रा आहे," रेंजर म्हणाले.

"वाघच हाये साहेब. म्हातारा झाला, आता कुत्र्यावानी चालते."

शेजारच्या गावचा एक जण मागून म्हणाला, "अन् भुकते बी का, गुलाबबुवा?"

"तुह्यासारखा पाहिला का भुकते."

रेंजरनी कपाळ पुसलं आणि बाईंकडे वळले. "सरपंचबाई, तुम्ही सांगा. एक शब्द. हो की नाही?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "आता कसं सांगू, साहेब? उन्हाळ्यात पाण्यावर येते म्हणते लोकं. तवा येऊन पाहा. कॅमेरे असते म्हणते तुमच्याजवळ. ते लावाले मोठी गाडी येईन ना?"

मोठी गाडी येणार होती. चढावर अडकली तर जबाबदार कोण? मी पुन्हा पुण्याला फोन केला. साहेब आता थकले होते. "सगळं टाका," म्हणाले, "गिट्टी टाका, रोलर फिरवा, पण त्या वाघाचा एकदाचा निकाल लावा." मुरूम पडला, गिट्टी पडली, रोलर फिरला. नाल्यापासून वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत सडक झाली. तिथून पुढे कॅमेरेवाले पायीच गेले आणि कोणाचीच तक्रार नव्हती, हे माझ्या तेव्हाही लक्षात आलं नाही.

कॅमेऱ्यात काय आलं? रानडुकरं. एक साळिंदर. चारोळीची पोती पाठीवर घेतलेलं निम्मं शेजारचं गाव, आणि त्यात गुलाबकाकांचे सख्खे व्याही. पट्ट्यापट्ट्याचं ब्लँकेट पांघरून झुडपात बसलेले खुद्द गुलाबकाका. वाघ नाही.

रेंजर साहेब ते फोटो घेऊन आले. जीप थेट वनिताबाईंच्या दारात थांबली. चपलेला चिखल नाही. बाईंनी चहा दिला.

"आता शेवटचं विचारतो," ते म्हणाले. "वाघ आहे?"

"नाही साहेब. कधीच नव्हता."

रेंजरनी कप खाली ठेवला. "मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"तवा तुमी नाल्यातून विचारत होते," बाई म्हणाल्या. "आता सडकेवरून विचारून राह्यले."

मी चहा प्यायचा विसरलो. रेंजर माझ्याकडे पाहत होते, मी रोलरच्या खुणांकडे पाहत होतो. नाल्याच्या काठावरची बिचारी बाई मला पुन्हा आठवली. बारा महिने ती वाघाच्या नावावर आमच्याकडून आपली सडक करून घेत होती.

टेकडीचं पुढे काय झालं? वाघ नसल्याचा अहवाल गेला. उत्तर आलं, की वाघ नसला तरी हद्द विचाराधीन आहे. रेघ अजून तेवढीच जाड. कंपनीने कंटाळून मास्ट उतरवला आणि दुसऱ्या राज्यात, बिनवाघाच्या माळावर गेली. पुण्याच्या साहेबांनी मला विचारलं, "जिथे प्रोजेक्टच झाला नाही, तिथे हा ॲप्रोच रोड कशासाठी केला?"

"पाहणीसाठी, सर."

"कसली पाहणी?"

"वाघ नाही, त्याची."

साहेबांनी फोन ठेवला.

त्या पावसाळ्यात वनिताबाईंची लेक ऑटोत बसून रपट्यावरून सौंसरच्या दवाखान्यात गेली. पाणी पाइपांतून खालून वाहत होतं. मुलगी झाली. मला पेढे आले.

प्रस्तावित म्हणजे काय, ते मला आजही सांगता येत नाही. नव्या लायझनवाल्या पोरांना मी एवढंच सांगतो: गावाने सरळ उत्तर दिलं नाही तर आपण कुठे उभं राहून विचारतोय ते आधी पाहा.

मागच्या आठवड्यात बाईंचा फोन आला होता. पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, दुसरा नाला आहे, त्याला रपटा नाही.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तिकडं बिबट दिसला म्हणते लोकं."