फरशीखालची माती

मी आज मेट्रोच्या भूसंपादन कचेरीत आहे तो आटपाडीच्या माने सरांमुळे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तो त्यांनीच घडवला.

गेल्या महिन्यात साताऱ्याहून गावाकडे जाताना एसटीत शेजारी एक म्हातारा गलाईवाला बसला होता. आयुष्यभर सोनं गाळून भाजलेली बोटं तो सारखी धोतराला पुसत होता.

"मेट्रूत दुकान गेलं बगा. गाडी पायजेच की, लोकांचं लय हाल हायतं. पन फरशीखालच्या मातीत तीस वर्सांचं सोन्याचं कण व्हतं. माती धुवून घ्यायला चार दिस मागितलं, तर म्हनं मंत्र्याची तारीख ठरलीया. भरपाईत निस्त्या भिंती धरल्या." मग तो हसला. "आता मेट्रू सोन्यावर हुबी हाय म्हनायची! पावनं, तुमी कुठं असता?"

"कंपनीत," मी म्हणालो. त्याने मला ओंजळभर शेंगा दिल्या.

घरी पोचताच मी सरांना पत्र लिहिलं: "सर, त्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. आपल्याकडे घरोघरी गलाईवाले, त्यामुळे ती माती काय असते हे कचेरीत फक्त मला ठाऊक होतं. तरी वरिष्ठांना काही न सांगता मी 'मुदत देता येत नाही' असं लिहिलं. आणि आज एसटीत त्याच्या शेजारी बसून त्याच्याच शेंगा खाल्ल्या."