अण्णांच्या पत्रावरच्या अकरा खुणा

१४ जून १९९१, शुक्रवार. चाळीसगाव स्टेशन, दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीचा फलाट. हजर: अण्णा, म्हणजे माझे वडील, गावातल्या हायस्कुलात इंग्रजीचे शिक्षक, आई, धाकटा भाऊ विजय, आणि मी, वय बावीस, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात असिस्टंट म्हणून रुजू व्हायला निघालेली. गैरहजर: कोणी नाही. आमचं घर एवढंच होतं.

सामानाची यादी माझ्या हातात होती. यादीशिवाय मी तेव्हाही कुठे जात नसे. अठरा नग होते. एकोणिसावा अण्णांनी ऐनवेळी आणला, कोऱ्या पत्रकागदांचा गठ्ठा.

"आठवड्याला एक," ते म्हणाले. "इंग्रजीत. मीही इंग्रजीतच लिहीन. सवय सुटायला नको."

"मग मला काय कळायचं?" आई म्हणाली.

"मी वाचून दाखवीन की. तुझ्यासाठी मराठी करून."

"तुम्ही पदरचं घालाल त्यात."

"घालीन थोडं," अण्णा म्हणाले. गाडी हलेपर्यंत आम्ही सगळे त्यावर हसत होतो. या हसण्याकडे मला पुन्हा यायचं आहे, म्हणून आधीच नोंदवून ठेवते.

जे तिकडे राहिले आणि जे माझ्यासारखे इकडे आले, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. विषय एका पत्राचा आहे. ते माझ्या हातून कसं गेलं, ते क्रमाने सांगते.

दिल्लीत पहिली तीन वर्षं मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये कुसुममावशीकडे राहिले. मावशी आईची मावसबहीण, यजमान टपाल खात्यात. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, ऑफिसात फायलीवर इंग्रजी. हे तीन कप्पे मला लगेच जमले. कप्पे करणं माझ्या स्वभावातच आहे.

जमलं नाही ते तिसऱ्या कप्प्यातलं लिहिणं. सरकारी टिपणाचं एक वाक्य अर्धं पान चालतं. खात्याचं म्हणणं असं की, आणि असं की, आणि असंही की; प्रत्येक 'की'साठी इंग्रजीत एक 'दॅट'. त्या 'दॅट'च्या रांगेत 'आधीच', 'केवळ', 'तातडीने' असे सुटे शब्द कुठे बसवायचे, यावर माझी दांडी उडाली. अण्णांची पद्धत अशी होती की 'दॅट' म्हटलं की लगेच तो शब्द ठेवायचा, मग बाकीचं वाक्य. वर्गात ते वाचून दाखवायचे तेव्हा त्या शब्दावर टेबलावर बोट आपटायचे. ऐकायला ते भारदस्त वाटायचं. मी तेच शिकले होते.

आमचे सेक्शन ऑफिसर चोप्रासाहेब. लाल शाईचं पेन, खिशाला कायम. माझा पहिला ड्राफ्ट त्यांनी सगळ्या सेक्शनसमोर वाचला.

"मैडम, ये आपका 'ऑलरेडी' दो 'दॅट' के बीच में खड़ा है. बस स्टॉप पे खड़ा है क्या? किस बस में चढ़ेगा?"

सगळे हसले. मग त्यांनी चष्मा काढून, अगदी सहज, विचारलं, "ये किस ज़माने की अंग्रेज़ी है? किसने सिखाई?"

"स्कूल में, सर," मी म्हटलं.

वडिलांनी शिकवली, असं मी म्हणाले नाही. माझ्या शरमेची यादी करायची तर हा पहिला मुद्दा.

चोप्रासाहेब वाईट नव्हते. ज्याचा ड्राफ्ट सुधारण्यासारखा असे त्याच्यावरच ते शाई खर्च करत. सेक्शनची रीतच होती: चुकलेला शब्द गोल करायचा, बाण काढून योग्य जागी न्यायचा, समासात 'सुधारून पुन्हा सादर करा' असं लिहायचं आणि कागद परत पाठवायचा. त्यात राग नसे, लोभही नसे. कागद जायचा आणि यायचा. सहा महिन्यांत माझे ड्राफ्ट लाल शाईशिवाय वर जायला लागले. वर्षभरात नवीन पोरींचे ड्राफ्ट माझ्याकडे यायला लागले आणि चोप्रासाहेबांनी मला एक लाल पेन दिलं. त्याचा मला किती अभिमान होता हे आज सांगवत नाही.

या काळात अण्णांची पत्रं नियमित येत होती. माझी उत्तरं आठवड्यावरून पंधरवड्यावर, तिथून महिन्यावर गेली. त्यांचं इंग्रजी वाचताना मला सेक्शनचं हसू ऐकू यायचं. 'दॅट' आला की पुढे तो सुटा शब्द येणारच हे ठाऊक असायचं, आणि आला की कानशिलं तापायची. त्या वेळी वाटे, मला त्यांची लाज वाटते आहे. खरं म्हणजे मी स्वतःचाच जुना ड्राफ्ट वाचत होते.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा मला रजा मिळाली नाही. खरं तर मी मागितली नाही. संसदेचं अधिवेशन होतं, एवढं कारण मला पुरलं. पुढच्या आठवड्यात त्यांचं चार पानी पत्र आलं. निरोप समारंभाचं. मी ते जेवणाच्या सुट्टीत टेबलावर उघडलं. डाव्या हातात पोळीची गुंडाळी, उजव्या हातात पेन, कारण सकाळपासून पेन हातातच होतं. पहिल्याच परिच्छेदात एक शब्द चुकीच्या जागी दिसला. गोल केला, बाण काढला. मग दुसरा. चार पानांत अकरा खुणा झाल्या. शेवटी समासात रीतीप्रमाणे लिहिलं: 'सुधारून पुन्हा सादर करा.' खाली सही.

वाटलं, गंमत वाटेल त्यांना. दहा वर्षं त्यांनी माझ्या वह्या लाल केल्या होत्या. मुलगी आता त्यांच्याइतकी झाली, यात त्यांना आनंदच होईल. दुसरा कागद जोडला नाही. चार ओळीसुद्धा नाहीत. तेच पत्र नव्या पाकिटात घालून टपालात टाकलं आणि त्या दिवशीच्या यादीत 'अण्णांना पत्र' यापुढे बरोबरची खूण केली.

यानंतर अण्णांची पत्रं मराठीत आली. आंतर्देशीय, दहा-बारा ओळी. सर्व ठीक, काळजी नसावी. मला हायसं वाटलं. उत्तर द्यायला सोपं झालं होतं. पुढे पुढे त्यांचं अक्षर मोठं होत गेलं. वाटलं, मजकूर कमी आहे, जागा भरायला मोठं काढत असतील.

माझं लग्न झालं, आम्ही फरीदाबादला आलो, ऋचा झाली. बारशाला अण्णा आणि आई आले. सकाळी मी अण्णांपुढे चहा ठेवला. त्यांनी हात पुढे केला तो कपाच्या बाजूला, बशीवर. दोनदा. मी त्याच आठवड्यात त्यांना दिल्लीतल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली, उजव्याची अर्धी.

"कब से दिक़्क़त है, बाबूजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोड़े दिन हुए," अण्णा म्हणाले.

"थोड़े दिन नहीं, सालों की बात है. पहले ले आते तो दोनों बच जातीं."

परतताना रिक्षात मी त्यांच्यावर चिडले. आईसमोर. "अण्णा, एवढी पत्रं लिहिता! एक ओळ लिहायची होती ना! मी काय मेले होते का इकडे?"

अण्णा बाहेर बघत होते. "राहिलं खरं," ते म्हणाले.

"तू नको बोलूस त्यांना," आई म्हणाली. मी आणखी बोलले. यादी करून बोलले: चष्मा कधी बदलला, डोकं कधी दुखायचं, विजयला का नाही सांगितलं. ते प्रत्येकाला "हो, चुकलंच" म्हणत राहिले.

हे सगळं इतक्या वर्षांत मी विसरले होते. पत्र, पेन, खुणा, सगळंच. आठवलं ते गेल्या दिवाळीला.

चाळीसगावच्या घराला रंग द्यायचा होता म्हणून विजयने आणि मी अण्णांची ट्रंक बाहेर ओढली. अण्णा आता पंच्याऐंशीचे. आतल्या खोलीत खाटेवर बसून ते रेडिओ ऐकत होते. ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं माझ्या अक्षरातलं पाकीट होतं. आत ते पत्र, अकरा लाल खुणांचं. आणि त्याच्या मागे टाचणीने जोडलेली आणखी चार पानं, अण्णांच्या हातची, शाळेतल्या कित्त्यासारखी स्वच्छ. त्यांनी पत्र सुधारून पुन्हा लिहिलं होतं. अकराच्या अकरा दुरुस्त्या मान्य. शेवटी डाव्या कोपऱ्यात: 'मंजुरीसाठी सादर.' ते कधी टपालात पडलं नव्हतं.

मी तिथेच ट्रंकेच्या कडेला बसून ते वाचलं. पहिल्यांदा वाचलं, असंच म्हणायला हवं. समारंभ मोठा झाला होता. जुने विद्यार्थी आले होते. अण्णा इंग्रजीत बोलले आणि पुढच्या रांगेत त्यांनी एक खुर्ची रिकामी ठेवायला सांगितली होती, न जाणो मी आलेच तर. तिसऱ्या पानावर एक लांब वाक्य होतं: कळवावंसं वाटतं असं की शाळेवाचून घर फार शांत झालं आहे, आणि असं की डोळे लवकर थकतात अलीकडे, आणि असं की वाचता येतं ते फक्त सकाळच्या उजेडात; तुझ्या ओळखीत डोळ्यांचा कोणी चांगला डॉक्टर असेल तर विचारून ठेव, घाई नाही.

मी जुनं पान उलटून पाहिलं. त्या वाक्यात माझ्या दोन खुणा होत्या. 'अलीकडे' गोल करून मी तो शब्द शेवटी नेला होता. 'फक्त' गोल करून पुढे. वाक्य आता निर्दोष झालं होतं.

"काय गं, काय सापडलं?" आई स्वयंपाकघरातून आली. पाकिटावरचं माझं अक्षर तिने लगेच ओळखलं. "अगंबाई, हे ते पत्र होय! रिटायर झाले त्यानंतरचं. किती सुंदर लिहिलं होतंस गं. यांनी वाचून दाखवलं तेव्हा मी रडले होते."

"काय लिहिलं होतं मी?"

"विसरलीस? यायला जमलं नाही म्हणून तुला किती वाईट वाटलं ते. आणि शेवटी, अण्णा, तब्येतीला जपा, डोळ्यांना ताण देऊ नका. तुला तिकडे बसून कसं कळलं डोळ्यांचं, मी म्हटलंसुद्धा यांना."

विजयने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात लाल केलेली पानं होती. त्याला एवढं इंग्रजी येतं.

"हो," मी म्हटलं. "आठवलं."

आतून रेडिओचा आवाज कमी झाला. "नंदा," अण्णांनी हाक मारली. "ते पाकीट होतं तिथे ठेव."

"अण्णा, हे तुम्ही पाठवलंत का नाही?"

"ड्राफ्ट आहे तो," ते म्हणाले. "मंजुरी यायची आहे अजून." आणि हसले, फलाटावर हसले होते तसे. मला हसता आलं नाही.

मी ते पाकीट होतं तिथे ठेवलं नाही. इकडे घेऊन आले. ऋचाने परवा ते टेबलावर पाहिलं. तिचं मराठी दिल्लीचं आहे.

"मम्मा, इतकं रेड किसने किया? बहुत रूड है यार."

"ऑफिसात अशीच खाडाखोड करतात," मी म्हटलं.

"खाडाखोड म्हणजे?"

सांगितलं. कोणी केली, ते सांगितलं नाही. यादीत हा मुद्दाही धरावा.

इथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळात बायका विचारतात, तुमचं घर कुठलं. पूर्वी मी फरीदाबाद सांगत असे, सेक्टरच्या नंबरासकट. कोणी खोलात गेलं तर चाळीसगाव. आता उत्तर देताना अडखळते. ज्या खोलीत न लिहिलेलं पत्रसुद्धा कोणीतरी माझ्या नावाने वाचून दाखवलं आणि ते ऐकून कोणीतरी रडलं, ते माझं घर. मी तिथून निघाले शुक्रवारी, एकोणीस नग घेऊन. पोचवायचं होतं ते एकच, आठवड्याला एक.

उत्तर इंग्रजीतच जायला हवं, ठरलं होतं तसं. विजय वाचून दाखवेल, अडखळेल, आणि अण्णा उच्चार सुधारतील. आई विचारेल काय लिहिलंय. तेव्हा आईला मराठीत काय सांगायचं, ते अण्णाच ठरवतील. एकोणिसाव्या नगातले बरेच कागद शिल्लक आहेत. कडा पिवळ्या पडल्या आहेत. एक समोर आहे. वर तारीख टाकली आहे, मायना घातला आहे. पहिलं वाक्य मला माहीत आहे. तुमचे डोळे आता कसे आहेत, एवढंच. त्यात जागा चुकेल असा एकही सुटा शब्द नाही.

दिवाळीपासून रोजच्या यादीत 'अण्णांना उत्तर' हा मुद्दा आहे. रोज बाकीचे खोडून तो दुसऱ्या दिवशीच्या कागदावर उतरवते. आजही उतरवला.